गाणे वाजते आहे, मग सेटिंग कशाला उघडायचे?

संगणकावर गाणी ऐकणाऱ्यांपैकी फार थोडे जण प्लेयरच्या सेटिंगमधले इंटरनेटचे पान उघडतात. इक्वलायझरच्या पट्ट्या सगळ्यांनी वरखाली करून पाहिलेल्या असतात, स्किन बदललेली असते, गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावर रंगीत लाटा नाचवणारे नमुनेही काहींनी हौसेने उतरवून घेतलेले असतात. इंटरनेटच्या पानावर मात्र माणूस जातो तो रेडिओ अडला की. तिथे दिसते काय? प्रॉक्सीचा पत्ता भरण्यासाठी एक रिकामी चौकट, खाली किलोबाइटचा एक आकडा, आणि त्याखाली दोन-तीन टिका, आधीच केलेल्या. माणूस आकडा वाढवतो, टिकांकडे बघत नाही, ओके दाबतो आणि बाहेर पडतो. रेडिओ सुरू झाला तर झाला.

ही पुस्तिका त्या पानाविषयी आहे. एका पानासाठी अख्खी पुस्तिका कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे कारण असे की त्या पानावर दोन अगदी वेगळ्या जातीची सेटिंग्ज शेजारी शेजारी बसवलेली असतात. काही चुकली की लगेच कळते: गाणे थांबते, चाचरते, सुरूच होत नाही. दुसरी काही कशीही ठेवली तरी गाणे सुरळीत वाजत राहते, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे प्लेयर बनवणाऱ्याने ठरवून दिली तशीच राहतात. तुमच्या संग्रहातली नावे कुणी बदलायची, तुम्ही काय ऐकता हे बाहेर कुणाला कळवायचे, हे सगळे या दुसऱ्या जातीत मोडते. माझे म्हणणे एवढेच की आधी ही गप्प बसणारी सेटिंग्ज बघा. अडणाऱ्या सेटिंग्जकडे तुम्ही आपणहून येणारच आहात.

उदाहरणांसाठी मी मुख्यतः तीन प्लेयर घेतले आहेत: विनॅम्प, विंडोज मीडिया प्लेयर आणि व्हीएलसी. विनॅम्प आता जुना झाला हे खरे, पण या पानाचा वंशवृक्ष त्याच्यापाशीच सुरू करावा लागतो. १९९७ साली जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्डिरेव्ह या दोघांनी तो बाहेर काढला. दोन वर्षांत अमेरिका ऑनलाइनने फ्रँकेलची नलसॉफ्ट ही कंपनी विकत घेतली. विनॅम्प बसवताना एक प्रश्न विचारला जाई: तुमचे इंटरनेट कसे आहे? उत्तरे तीन. डायल-अप मोडेम, कायमचे जोडलेले नेटवर्क, आणि जोडलेलेच नाही.

आज हा प्रश्न वाचून हसू येईल, पण तेव्हा त्यात पैशाचा हिशेब होता. मोडेम घरच्या फोनवरच चालायचा. एखाद्या प्रोग्रॅमने सहज म्हणून बाहेर डोकावायचे ठरवले की मोडेम आपणच नंबर फिरवायला लागे, घरातला फोन अडकून पडे आणि कॉलचे मीटर पळू लागे. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यानंतर कितीतरी वर्षे इथल्या घरांत फोनचे बिल वेगळे आणि नेटचे तास वेगळे असा दुहेरी खर्च होता. मला त्या तीन उत्तरांपैकी तिसरे सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘जोडलेले नाही’ हे एक सरळ, मान्य उत्तर होते आणि प्लेयर ते निमूटपणे ऐकत असे. नंतरच्या प्लेयरांतून हा प्रश्नच नाहीसा झाला. नेट आहेच, ते चोवीस तास आहे, आणि प्लेयरने ते आपल्या मर्जीने वापरायला कुणाची हरकत नाही, असे गृहीत धरले गेले. पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या गृहीतकात आहे.

प्रॉक्सीबद्दल प्रस्तावनेत फार लिहीत नाही. घरच्या वायफायवर ती लागत नाही. ऑफिस, कॉलेज, वसतिगृह अशा ठिकाणी आतले सगळे संगणक एका मधल्या सर्व्हरमार्फत बाहेर जातात आणि त्या सर्व्हरचा पत्ता व पोर्ट प्लेयरला सांगावा लागतो. पोर्ट बहुधा ८०८० असतो, स्क्विड नावाचा लोकप्रिय प्रॉक्सी असेल तर ३१२८. काही प्लेयर विंडोजच्या सेटिंगमधून हे आपणच उचलतात, काही स्वतःची वेगळी चौकट ठेवतात, आणि दोन्हीकडे वेगवेगळे भरलेले असले की ब्राउझर चालतो पण रेडिओ चालत नाही. उलटही होते: एखादा फुकटचा व्हीपीएन काढून टाकला, पण त्याने विंडोजमध्ये भरलेला प्रॉक्सीचा पत्ता तसाच राहिला, की नेट ठणठणीत असून प्लेयर गप्प. पहिल्या प्रकरणात हे सगळे चित्रांसह आहे.

इथे सांगण्यासारखी खरी गंमत वेगळी आहे. प्रॉक्सीचा पत्ता अचूक भरला, पासवर्ड बरोबर, ब्राउझर व्यवस्थित, तरी इंटरनेट रेडिओ वाजत नाही, असा अनुभव कित्येकांना आला असेल. त्याचे मूळ एका ओळीत आहे. नलसॉफ्टने शाउटकास्ट नावाची रेडिओ प्रसारणाची पद्धत काढली. तिच्यामुळे कुणालाही घरच्या संगणकावरून स्वतःचे स्टेशन चालवता येऊ लागले आणि तिचा नेहमीचा पोर्ट ८००० हा झाला. प्लेयर सर्व्हरला अगदी ब्राउझरसारखीच विनंती पाठवतो. पण ब्राउझरला वेबसाइट जिथे ‘एचटीटीपी, २००, ओके’ असे उत्तर देते, तिथे शाउटकास्टचा जुना सर्व्हर उत्तर देतो ‘आयसीवाय, २००, ओके’. पहिली तीन अक्षरे म्हणे या पद्धतीच्या मूळ नावाची, ‘आय कॅन येल’ची. मला ओरडता येते! विनॅम्पला ही भाषा कळत होती, कारण दोघे एकाच घरातले. मधल्या प्रॉक्सीला ती कळण्याचे कारण नव्हते. अनोळखी उत्तर आले की तो जोडणी तोडून टाकी, किंवा चुकीचे उत्तर म्हणून लाल अक्षरांतले पान परत पाठवी, आणि प्लेयर त्या पानाकडे संगीत म्हणून बघत बसे.

दुसरा अडथळा त्याहून मासलेवाईक. काही संस्थांतले प्रॉक्सी बाहेरून येणारी प्रत्येक फाइल आधी स्वतःकडे पूर्ण उतरवून घेतात, व्हायरस तपासतात, मग पुढे देतात. रेडिओची फाइल कधीच पूर्ण होत नाही. प्रॉक्सी शेवटाची वाट बघत राहतो आणि तुम्ही सुरुवातीची. अशा ठिकाणी प्लेयरच्या पानावर काहीही भरा, उपयोग शून्य. किलोबाइटचा तो आकडा वाढवून, प्लेयर काढून पुन्हा बसवून वेळ घालवण्यापेक्षा नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोललेले बरे.

शाउटकास्टच्या पद्धतीतली आणखी एक करामत जवळून बघण्यासारखी आहे. रेडिओ वाजत असताना चालू गाण्याचे नाव प्लेयरच्या पट्टीवर सरकत असते. ते येते कुठून? आवाजाच्या प्रवाहातूनच. सर्व्हर सुरुवातीलाच सांगून ठेवतो की दर अमुक बाइटनंतर मी एक बाइट वेगळी घालीन. समजा दर ८,१९२ बाइटनंतर. १२८ केबीपीएसच्या स्टेशनवर सेकंदाला १६,००० बाइट येतात, म्हणजे साधारण दर अर्ध्या सेकंदाला ही एक आगंतुक बाइट. बहुतेक वेळा तिची किंमत शून्य असते, म्हणजे नवे काही नाही, पुढे वाजवा. गाणे बदलले की ती किंमत गुणिले सोळा एवढ्या बाइटमध्ये नवे नाव येते. प्लेयरने ही अक्षरे बाजूला काढायची आणि उरलेला आवाज वाजवायचा. मोजणी चुकली की गाण्याचे नाव ऐकू येते: दर थोड्या वेळाने टिक, चिर्र असा आवाज. लोक स्पीकरची वायर तपासतात! शिवाय ही अक्षरे कोणत्या लिपीत, कोणत्या संकेतात लिहायची हे त्या पद्धतीत कुणी ठरवूनच दिले नव्हते. देवनागरीत नाव पाठवणाऱ्या स्टेशनचे नाव काही प्लेयरांत नीट दिसते आणि काहींत फ्रेंच-जर्मन स्वरचिन्हांची रांग दिसते, ती त्यामुळेच. त्याला प्लेयरच्या नेट सेटिंगमध्ये औषध नाही.

आता बफर, म्हणजे पानावरचा तो किलोबाइटचा आकडा. नेट हळू असले की हा आकडा वाढवा, असा सल्ला सगळे देतात. तो अर्धाच खरा आहे. बफर म्हणजे पुढे वाजवायचे काही सेकंद आधीच आणून ठेवणे. १२८ केबीपीएसच्या रेडिओला ६४ किलोबाइटचा बफर म्हणजे चार सेकंदांची शिल्लक. नेट मधूनमधून दोन-तीन सेकंद दम खात असेल तर ही शिल्लक कामी येते. पण नेटचा वेगच स्टेशनच्या वेगापेक्षा कमी असेल तर बफर कितीही मोठा करा, गाणे अडणारच, फक्त पहिल्यांदा जरा उशिरा अडेल. छप्पन के च्या मोडेमवर १२८ केबीपीएसचे स्टेशन ऐकण्याची धडपड करणाऱ्यांना हे गणित कुणी सांगितले नव्हते. त्यांनी २४ केबीपीएसचे स्टेशन निवडायला हवे होते, आणि चांगली स्टेशने दोन-तीन वेगांचे वेगवेगळे दुवे देतही असत. विंडोज मीडिया प्लेयरमध्ये जोडणीचा वेग आपण निवडून सांगण्याची सोय होती ती यासाठी.

आज व्हीएलसीत नेटवर्कचा साठा मुळात १,००० मिलिसेकंद असतो, म्हणजे एक सेकंद. घरच्या फायबरवर तो भरपूर झाला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावून डेक्कन क्वीनमध्ये रेडिओ ऐकायचा तर तो पाच-दहा सेकंद करावा, पण कर्जत ओलांडून घाट सुरू झाला आणि बोगद्यामागून बोगदे येऊ लागले की दहा सेकंदही पुरत नाहीत. तिथे उपयोगी पडते ते आपोआप पुन्हा जोडण्याचे सेटिंग. ते पहिल्या पानावर नसते, सगळी सेटिंग्ज दाखवा म्हटल्यावर आत सापडते. मोठ्या बफरचा तोटाही आहे. सामना चालू असताना समालोचन नेटवरून ऐकत असाल, तर बफर जितका मोठा तितका शेजाऱ्यांचा जल्लोष तुमच्या आधी. डेटाची चिंता मात्र आता करू नये. १२८ केबीपीएसचा रेडिओ तासाला ५८ एमबीसुद्धा खात नाही, आणि दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये तो अहोरात्र चालवला तरी पॅक संपत नाही.

इथवर झाली अडणारी सेटिंग्ज. आता गप्प बसणारी, आणि त्यांत सर्वांत आधी नावांची गोष्ट.

सीडी घातली की क्षणभराने गाण्यांची नावे पडद्यावर उमटतात. ती सीडीवर असतात असा समज आहे; बहुतेक ऑडिओ सीडींवर नावे नसतातच. प्लेयर फक्त प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो ते वाचतो, त्यावरून आठ चिन्हांची एक ओळख तयार करतो आणि सर्व्हरला विचारतो, ही सीडी कुणाची? ही युक्ती टी कॅन आणि स्टीव्ह शेर्फ यांच्या सीडीडीबीची. तिथली नावे जगभरच्या हौशी लोकांनी फुकटात टाइप करून दिलेली होती. पुढे ती यादी एका कंपनीच्या हाती गेली, तिचे ग्रेसनोट झाले, वापरावर अटी आल्या. आपण राबून भरलेल्या यादीवर कुणीतरी मालकी सांगावी याचा लोकांना संताप आला, आणि त्यातून फ्रीडीबी ही खुली यादी व रॉबर्ट के यांचा म्युझिकब्रेन्झ हा प्रकल्प, अशी दोन घरे उभी राहिली. फ्रीडीबी २०२० साली बंद झाली. जुन्या प्लेयरमध्ये सीडी घातल्यावर आजकाल ‘ट्रॅक १, ट्रॅक २’ एवढेच दिसते त्याचे कारण बहुधा हेच: प्लेयर बंद झालेल्या दारावर टकटक करतो आहे. सर्व्हरचे नाव बदलायची चौकट असेल तर तिथे जीएनयूडीबी या तिच्या पुढच्या अवताराचा पत्ता घालून काम भागते.

आता ती आठ चिन्हे कशी बनतात ते पाहू, कारण आपल्याकडच्या संगीताची अडचण तिथेच आहे. प्रत्येक ट्रॅक ज्या सेकंदाला सुरू होतो त्या आकड्यातले अंक सुटे करून बेरीज करायची, सगळ्या ट्रॅकच्या बेरजा एकत्र करून २५५ ने भागायचे आणि बाकी घ्यायची. तिला सीडीची एकूण सेकंदांची लांबी आणि ट्रॅकची संख्या जोडायची. बारा-पंधरा गाण्यांच्या पॉप सीडीला हे ठीक आहे, इतक्या आकड्यांची जुळणी दुसऱ्या सीडीशी सहसा होत नाही. पण एकच राग, एकच ट्रॅक, बासष्ट मिनिटे दहा सेकंद अशी सीडी घ्या. पहिला ट्रॅक जवळपास नेहमी दुसऱ्या सेकंदाला सुरू होतो. बेरीज दोन, ट्रॅक एक. मग उरते काय? फक्त लांबी: ३,७३० सेकंद. जगातल्या ३,७३० सेकंदांच्या सगळ्या एक-ट्रॅकी सीडी या पद्धतीच्या लेखी एकच! मालकंस, कुणा धर्मोपदेशकाचे प्रवचन आणि समुद्राच्या लाटांचा ध्यानासाठीचा आवाज एकाच ओळखीखाली. प्लेयर मग दोन-चार पर्याय पुढे करतो, यातले कोणते ते सांगा, किंवा न विचारता पहिले उचलतो. म्युझिकब्रेन्झची ओळख सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत मोजते, त्यामुळे तिथे ही टक्कर फार कमी.

फ्रीडीबीत आणखी एक गंमत होती. सीडी टाकायला ठरलेले अकरा कप्पे. ब्लूज, रॉक, जॅझ, रेगे, कंट्री, फोक, साउंडट्रॅक, क्लासिकल, न्यू एज, इतर, आणि डेटा. एका कप्प्यात एका ओळखीची एकच सीडी. तेव्हा ख्यालाची सीडी क्लासिकलमध्ये टाकायला गेले आणि तिथे आधीच कुणी बसलेले असले, तर लोक ती फोकमध्ये टाकत, तिथेही जागा नसली तर न्यू एजमध्ये. नंतर कुणी तीच सीडी घातली की त्याच्या प्लेयरवर प्रकार उमटे न्यू एज. शास्त्रीय गायनाला हा प्रकार कुठून चिकटला, याचे उत्तर हे असे कारकुनी आहे.

मराठी संग्रहाची अडचण कप्प्यांपेक्षा खोल आहे. प्लेयरच्या नमुन्यात कलाकार, अल्बम, संगीतकार अशा जागा असतात. मानापमान नाटकातले पद बालगंधर्वांच्या आवाजात असेल, तर नाटककार खाडिलकर कुठे लिहायचे, चाली देणारे गोविंदराव टेंबे कुठे, आणि नाटकाचे नाव अल्बम म्हणायचे का? गीतरामायण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून झाले तेव्हा त्यात वेगवेगळ्या गायक-गायिकांचे आवाज होते. सुधीर फडके यांच्या आवाजातल्या रेकॉर्डी नंतरच्या. ज्याने आकाशवाणीवरचे मूळ ध्वनिमुद्रण मिळवून प्रत्येक गीतासमोर गायकाचे नाव काळजीने लिहिले आहे, त्याच्या प्लेयरने नेटवरून ‘दुरुस्त’ माहिती आणली तर सगळीकडे फडके हे एकच नाव येण्याचा धोका आहे. आणि हे घडताना गाणे थांबत नाही, खरखरत नाही, काही विचारत नाही.

विंडोज मीडिया प्लेयरच्या लायब्ररीच्या सेटिंगमध्ये यासाठी दोन पर्याय दिलेले होते: फक्त नसलेली माहिती भरा, किंवा सगळी माहिती नव्याने लिहा. दुसरा निवडलेला असला की घरच्या कॅसेटी उतरवून, तारखा-ठिकाणे घालून लावलेला खासगी मैफलींचा संग्रह एका रात्रीत सपाट होतो, कारण अशा मैफलींची नोंद बाहेर कुठेच नसते आणि प्लेयर जवळपासचे काहीतरी शोधून चिकटवतो. म्हणून माझा सल्ला कडक आहे. ज्याचा संग्रह दुकानातल्या सीडींपलीकडचा आहे त्याने आपोआप माहिती आणण्याची टिक काढून टाकावी, आणि हवी तेव्हा हवी त्या अल्बमपुरती ती हाताने मागवावी. नावे लिहिताना, ती गाण्याच्या फाइलीतच साठवणाऱ्या जुन्या आयडी३ टॅगवर भिस्त ठेवू नये हेही ओघाने आले. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अल्बमच्या नावाला तीस बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर व प्रत्येक काना-मात्रा तीन-तीन बाइट घेते. ‘संगीत मानापमान’ तिथे ‘संगीत माना’पाशी तुटते. अपमान गाळलेला, एवढाच दिलासा.

दुसरी गप्प बाजू म्हणजे प्लेयर बाहेर काय सांगतो. याचा इतिहास नमूद केला पाहिजे, नाहीतर टिका काढण्याचा आग्रह उगाच वाटेल. १९९९ साली रिचर्ड स्मिथ यांनी दाखवून दिले की रिअलनेटवर्क्सचा रिअलज्यूकबॉक्स हा प्लेयर ऐकणाऱ्याच्या सवयींची माहिती एका ओळख क्रमांकासह कंपनीकडे पाठवतो आहे. कंपनीने माफी मागितली आणि दुरुस्ती दिली. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकावर लपून बसणारे सॉफ्टवेअर बसवतात हे मार्क रुसिनोविच यांनी उघड केले. त्या सीडीबरोबर येणारा प्लेयर कोणता अल्बम लावला आहे हे कंपनीच्या सर्व्हरला कळवतो, हेही त्याच वेळी पुढे आले. २००६ च्या जानेवारीत ॲपलने आयट्यून्समध्ये एक छोटे दुकान आणले. त्यात तुम्ही निवडलेल्या गाण्याची माहिती बाहेर जात होती, आणि ओरड झाल्यावर आधी परवानगी विचारण्याची सोय आली. या तिन्ही प्रसंगांत गाणे उत्तम वाजत होते.

आजचे चित्र इतके भीतीदायक नाही. व्हीएलसी विंडोजवर पहिल्यांदा उघडला की खासगीपणाची एक खिडकी पुढे करतो आणि अल्बमची चित्रे व माहिती नेटवरून आणू का, असे सरळ विचारतो. लोक ती खिडकी न वाचता पुढे जातात, हा भाग निराळा. तिथे हो म्हटले तर समजून म्हणावे: मुखपृष्ठाचे चित्र हवे असेल तर कुणाचा, कोणता अल्बम हे समोरच्या सर्व्हरला सांगावेच लागते, आणि तुमच्या संगणकाचा पत्ता त्याला आपोआप दिसतोच. बहुतेकांना यात वावगे काही वाटणार नाही, मलाही वाटत नाही. पण वकील, डॉक्टर किंवा पत्रकार ज्या प्लेयरवर गाण्यांबरोबर मुलाखतींची ध्वनिमुद्रणेही ऐकतात, त्यावरून त्या फाइलींची नावे शोधासाठी बाहेर जाऊ नयेत, एवढी दक्षता घ्यायला हवी. त्यांनी ती टिक ठेवूच नये.

काही जण हौसेने सांगतात, त्यांचीही सोय आहे. साउथहॅम्पटन विद्यापीठात शिकणाऱ्या रिचर्ड जोन्सने २००२ च्या सुमारास ऑडिओस्क्रॉबलर सुरू केले. ते पुढे लास्ट एफएममध्ये मिसळले. प्लेयरमध्ये आपले नाव-पासवर्ड घातले की ऐकलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद तिथे होते. नियम असा: गाणे तीस सेकंदांहून मोठे हवे, आणि ते निम्मे किंवा चार मिनिटे, यातले जे आधी घडेल तेवढे ऐकलेले हवे. भावगीत दीड मिनिटात नोंदले जाते. पाऊण तासाचा विलंबित ख्याल चार मिनिटांत नोंदला जातो, तेव्हा गायकाने षड्ज जेमतेम लावलेला असतो! पुढची चाळीस मिनिटे ऐकली काय, न ऐकली काय, हिशेबात एकच. वर्षाच्या शेवटी जो तक्ता निघतो त्यात रोज तासभर राग ऐकणारा माणूस भावगीतांचा भक्त ठरतो. तक्त्याची हौस असेल तर हे ठाऊक असावे.

सुरक्षेचा मुद्दा शेवटच्या प्रकरणात आहे, इथे एकच उदाहरण पुरे. प्लेलिस्टची फाइल म्हणजे चार ओळींचा साधा मजकूर, त्यात स्टेशनचा पत्ता. तिच्यापासून काय अपाय होणार? २००६ च्या जानेवारीत विनॅम्प ५.१२ मध्ये असा दोष सापडला की प्लेलिस्टमध्ये मुद्दाम भला लांब पत्ता घातला तर तिच्याद्वारे संगणकावर हवा तो प्रोग्रॅम चालवता येई. ब्राउझर अशा फाइली न विचारता थेट प्लेयरकडे सोपवत असल्याने नुसते पान उघडणे पुरेसे होते. दुरुस्ती लगेच ५.१३ मध्ये आली. तेव्हा नवी आवृत्ती आली का हे तपासण्याची जी टिक असते, ती मात्र असू द्या. बाकीच्या टिका काढण्याच्या उत्साहात हीही निघते, असे पुष्कळदा दिसते.

पुस्तिका वाचताना संगणक समोर असलेला बरा. विनॅम्प आणि व्हीएलसी दोन्हींत कंट्रोल-पी दाबले की सेटिंग उघडते. रेडिओचा पत्ता घालायचा असेल तर विनॅम्पमध्ये कंट्रोल-एल, व्हीएलसीत कंट्रोल-एन. काही बदलण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. घरी बसून वाचत असाल तर पहिले प्रकरण सोडून थेट तिसऱ्यावर, नावांच्या प्रकरणावर या. वसतिगृहात किंवा ऑफिसात असाल तर पहिल्यापासून सुरुवात करा, पण प्रॉक्सीचा पासवर्ड भरण्याआधी त्या प्रकरणाचे शेवटचे पान नक्की बघा: जुना विनॅम्प तो पासवर्ड आपल्या आयएनआय फाइलमध्ये उघड्या अक्षरांत लिहून ठेवतो, आणि सामायिक संगणकावर ती फाइल नोटपॅडमध्ये कुणालाही उघडता येते.